थ्रॉटल दादाकडे, सुकाणू माझ्याकडे: पहिल्या ऑफशोर मोसमाच्या नोंदी

८ ऑक्टोबर

ठरलं. या मोसमात दादा आणि मी समुद्रातल्या वेगवान मोटरबोटींच्या शर्यतीत उतरतोय.

मागचा अख्खा मोसम आम्ही बचाव बोटीवर स्वयंसेवक म्हणून काढला. ज्याला या खेळात यायचं आहे त्याने आधी हेच करावं, असं माझं ठाम मत झालं आहे. वळणाच्या बोयाजवळ सहा-सहा तास डोलत बसलं की पाणी वाचायची सवय लागते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक भानगडी वळणावर झाल्या, नाहीतर पुढच्या बोटीने कापून टाकलेल्या पाण्यावर. मोकळ्या, सरळ पट्ट्यात फार थोड्या.

वर्ग कोणता घ्यायचा यावर दोन संध्याकाळी गेल्या. थंडरकॅट हा सुरुवातीचा चांगला रस्ता आहे: हवा भरलेल्या दोन नळ्यांची छोटी कॅटमरान, मागे ५० अश्वशक्तीचं इंजिन, दोघांचा क्रू. पण तिच्यात गुडघ्यांवर बसून अंग सतत इकडून तिकडे फेकावं लागतं आणि दादाच्या जुन्या दुखापतीला ते मानवणारं नाही. म्हणून वेगमर्यादेचा वर्ग घेतला. तिथे कमाल वेग ठरवून दिलेला असतो आणि तो ओलांडला तर दंड बसतो, त्यामुळे इंजिनावर पैसा ओतून कुणी पुढे निघून जात नाही. बोट नीट चालवणाऱ्याला तिथे किंमत आहे.

१५ ऑक्टोबर

दिवसभर जुने हल, म्हणजे बोटींची नुसती धडं, पाहिले. पाच पाहिले, त्यातले तीन नुसते लांबूनच.

आपल्याला खोल व्ही तळच हवा, म्हणजे समोरून पाहिलं तर इंग्रजी V सारखा दिसणारा, हे मी धरून बसले आहे. सपाट तळाची बोट शांत पाण्यात कमी ताकदीत जास्त पळते, पण लाटेवर आपटते तेव्हा सगळा दणका पाठीच्या मणक्यांत जातो. व्ही तळ पाणी चिरत खाली उतरतो. हे सगळ्या जगाला पटलं ते १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत. रेमंड हंटने आखलेली ‘मॉपी’ नावाची ३१ फुटी लाकडी बोट घेऊन डिक बर्ट्राम उतरला होता. समुद्र खवळलेला होता. मॉपी साधारण आठ तासांत नासाऊला पोचली. दुसरी आली तीही हंटच्याच आखणीची, २३ फुटी. तिसरी बोट पोचायला दुसरा दिवस उजाडला! मॉपीच्या तळाचा आडव्या रेषेशी कोन २४ अंशांच्या आसपास होता आणि आजही समुद्रात पळणाऱ्या व्ही बोटींत हा आकडा वारंवार दिसतो.

दादाला मात्र सॉनी लेव्हीच्या बोटींचं वेड. कराचीत जन्मलेला आणि मुंबईतल्या बोटयार्डात घडलेला हा रेखाटनकार. पुढे निमुळती आणि मागे रुंद होत जाणारी त्याची डेल्टा आखणी आणि तिच्यातून आलेली ‘सर्फ्युरी’, जिने १९६७ ची इंग्लंडमधली काउझ–टॉर्की शर्यत जिंकली. तिचं चित्र दादाच्या वर्कबेंचवर लावलेलं असतं. त्याची इच्छा एवढीच की आपल्या बोटीचं नाकही निमुळतं असावं. त्याला माझी हरकत नाही.

२९ ऑक्टोबर

घेतली. २४ फुटी, खोल व्ही, उघडं कॉकपिट, मागे बाहेरून टांगलेलं २०० अश्वशक्तीचं एकच इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. नाक बऱ्यापैकी निमुळतं.

घेण्याआधी प्लास्टिकच्या हातोडीने सगळा हल ठोकून पाहिला. चांगल्या फायबरग्लासवर टक् असा कोरडा आवाज येतो. बाजू टक्, तळ टक्, आणि ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या मागच्या आडव्या भिंतीच्या, खालच्या उजव्या कोपऱ्यात थप्. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. इंजिन वर-खाली हलवून पाहिलं तर ट्रान्सम डोळ्यांना दिसेल इतका वाकत होता. म्हणजे आतलं प्लायवूड कुजलेलं. विकणाऱ्याने स्वतःच किंमत कमी केली. हे काम आपण करू शकतो, असं दादा म्हणाला आणि मी मान डोलावली.

५ ते २६ नोव्हेंबर

तीन आठवड्यांची नोंद एकत्र करतेय, कारण रोज एकच काम होतं.

ट्रान्सम हा या बोटीचा सगळ्यात कष्टकरी भाग. इंजिनाचं वजन त्याच्यावर, ढकलण्याचं बळ त्याच्यावर, आणि बोट हवेतून खाली आली की इंजिनाचा सगळा झोकही त्याच्यावरच. आतला फायबरचा पापुद्रा ग्राइंडरने कापला, कडेने चार बोटं पट्टी ठेवली म्हणजे नव्या थराला धरायला जागा राहते. आतलं प्लायवूड खालच्या भागात हाताने उपसता येत होतं. कारण सापडलं: खोली मोजणाऱ्या सेन्सरच्या पट्टीचे दोन स्क्रू कुणीतरी सीलंट न लावता थेट लाकडात पिळले होते. दोन बारीक भोकांतून आलेल्या पाण्याने एवढा नाश केला.

नवं मरीन प्लाय १८ मिलिमीटरचं, दोन थर, इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या पापुद्र्याला चिकटवलं. वरून काचकापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. इथे माझ्या हातून एक चूक झाली. दुसऱ्या रात्री थंडी आणि दमटपणा होता. सकाळी इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर आला होता आणि तो न धुता मी पुढचं कापड बसवलं. दोन दिवसांनी कडेने सुटायला लागलं. सगळं घासून काढलं. तो थर साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने आधी धुवायचा, मगच पॉलिश पेपर मारायचा. आधी पेपर मारला तर तोच थर आणखी आत चोळला जातो.

इंजिनाच्या बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, ती इपॉक्सीने पूर्ण भरली आणि वाळल्यावर त्यातून योग्य मापाची भोकं पाडली. आता बोल्टच्या कडेने पाणी आलं तरी ते लाकडाला शिवणार नाही. हे करायला अर्धा दिवस जास्त गेला, पण या बोटीतलं माझ्या सगळ्यात समाधानाचं काम हेच.

१० डिसेंबर

इंजिन. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. गिअर ऑइल स्वच्छ. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चक्र, न बघताच बदलला. त्याचं वय कुणालाच माहीत नव्हतं.

२१ डिसेंबर

कागदपत्रं. वैद्यकीय तपासणी, विमा, लायसन्सचा अर्ज. आंतरराष्ट्रीय नियम यूआयएमचे, म्हणजे मोटरबोट शर्यतींच्या जागतिक संघटनेचे. ही संस्था १९२२ पासून आहे आणि राष्ट्रीय संघटना तिच्या चौकटीत आपले नियम बसवतात. नियमपुस्तक मी दोनदा वाचलं. दादाला झेंड्यांचं पान पाठ करायला लावलं.

७ जानेवारी

पाण्यात!

सकाळचा मतलई वारा पडून खारा वारा सुटायच्या आधीचा तास धरला. समुद्र काचेसारखा. पहिल्या अर्ध्या तासात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मध्यावरच ठेवला आणि दर पाच मिनिटांनी थांबून बिल्ज, म्हणजे तळाशी पाणी साचायची जागा, पाहिलं. कोरडं. ट्रान्सम ढिम्म हलत नाही.

मग मोजमाप. इंजिन ५,८०० फेऱ्यांवर, गिअरचं प्रमाण १.८६, म्हणजे प्रॉपेलर मिनिटाला साधारण ३,१२० वेळा फिरतो. पिच २१ इंच, म्हणजे एका फेऱ्यात घट्ट पदार्थातून तो ५३ सेंटिमीटर पुढे गेला असता. गुणाकार केला की ताशी १०० किलोमीटर. जीपीएस दाखवत होता ४५ नॉट, म्हणजे ८३. उरलेले १७ टक्के पाण्यात घसरले. दुपारी इंजिन ट्रान्समवर एक भोक वर घेतलं, १९ मिलिमीटर. तेवढ्याच फेऱ्यांवर ४७ नॉट मिळाले. गिअरकेस, म्हणजे इंजिनाचा प्रॉपेलर धरणारा खालचा भाग, पाण्यात जेवढा कमी बुडतो तेवढा अडथळा कमी होतो. आणखी वर घ्यायचा मोह होता, पण थंड करणाऱ्या पाण्याच्या दाबाचा काटा वळणावर खाली यायला लागला होता. म्हणून तिथेच थांबलो.

२३ इंची प्रॉपेलरही लावून पाहिला. सरळ पट्ट्यात दीड नॉट जास्त, पण वळणातून बाहेर येताना बोट जड जड वाटते आणि फेरे चढायला वेळ घेतात. शर्यतीत वळणं असतात. २१ इंचीच ठेवला.

ट्रिम, म्हणजे इंजिनाचा ट्रान्समशी असलेला तिरकेपणा, जास्त बाहेर दिलं की नाक एका ठेक्यात वर-खाली डुलायला लागतं. बोटभर ट्रिम आत घेतलं की शमतं.

१९ जानेवारी

आज वाईट गेला आणि त्याचं कारण नीट लिहून ठेवते.

या खेळात दोघांचं काम वाटलेलं असतं. एक जण सुकाणू धरतो, दुसरा थ्रॉटल आणि ट्रिम. नवख्याला वाटतं थ्रॉटल पुढे दाबून धरायचा. खरं तर बोट लाटेवरून सुटते तेव्हा प्रॉपेलर हवेत येतो, पाण्याचा भार नाहीसा होतो आणि इंजिनाचे फेरे एकदम चढतात. त्याच क्षणी थ्रॉटल सोडावा लागतो. आणि बोट परत टेकताना पुन्हा द्यावा लागतो. फेरे चढलेला प्रॉपेलर पाण्यात आदळला तर तो झटका शाफ्ट आणि गिअरमध्ये जातो. उशिरा दिला तर बोट नाकावर बसते. हे सगळं अर्ध्या सेकंदात, आणि दर लाटेला.

सव्वा मीटरची लाट होती. मी सुकाणूवरून सारखी ओरडत होते: “दे! आता दे! सोड!” दादाला पुढची लाट दिसत होती, तो माझ्या शब्दाची वाट पाहत होता, आणि शब्द इंटरकॉममधून येईपर्यंत वेळ गेलेली असायची. तीन वेळा इंजिन रेव्ह लिमिटरवर, म्हणजे फेरे अति चढले की इंजिन रोखणाऱ्या यंत्रणेवर, जाऊन अडखळलं. चौथ्यांदा आम्ही इतके वाईट आपटलो की माझी हनुवटी सुकाणूवर आली.

धक्क्यावर परतल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुला माझ्यावर भरवसा नसेल तर थ्रॉटल तू घे. दोन माणसांनी एक हात चालवता येत नाही.”

मी म्हटलं, “भरवसा आहे रे. भीती वाटली म्हणून ओरडले.”

“मग मलाही भीती वाटते की. पण तू वळायच्या आधी मला सांगत नाहीस, त्याची जास्त.”

हे खरं होतं. मी वळणात शिरायची आणि त्याला ते बोट कलल्यावर कळायचं. आज नियम लिहिला आणि डॅशबोर्डला चिकटवला. थ्रॉटलबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. रेषेबद्दल तो बोलणार नाही. मी फक्त सांगणार: वळण कुठल्या बाजूला, आणि तीन-दोन-एक. तो फक्त सांगणार: पाणी, म्हणजे पुढे कापलेलं पाणी किंवा खड्डा दिसतोय. “थांब” हा शब्द कुणीही उच्चारला तर बोट थांबते. त्यावर वाद किनाऱ्यावर.

२५ जानेवारी

तीच लाट, तोच पट्टा, नवा नियम. लिमिटर एकदाही नाही. ४० नॉटला बोट चक्क मऊ वाटली. मी गप्प बसून पहिल्यांदा दादाचा हात पाहिला: मनगट स्थिर, नुसती बोटं चालतात.

२ फेब्रुवारी

तरणतलावात बुडण्याचा सराव. आमची बोट उघडी आहे आणि आम्ही पट्ट्याने बांधलेले नसणार, म्हणून पाण्यात उलटवलेल्या, बंद कॉकपिटसारख्या पिंजऱ्यातून सुटण्याची परीक्षा आम्हाला बंधनकारक नाही. तरी दिली. उलटं झाल्यावर वर-खाली कळत नाही, नाकात पाणी जातं. एक हात ओळखीच्या जागी घट्ट ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, मग पट्टा सोडायचा आणि त्याच हाताच्या दिशेने बाहेर यायचं. पहिल्या खेपेला मी पट्टा घाईने सोडला आणि तरंगत भलत्याच कोपऱ्यात गेले. चौथ्या खेपेला शांतपणे बाहेर आले.

पट्ट्याचा प्रश्न मला आधी उलटा वाटायचा. बांधलेलं असणं सुरक्षित, असंच आपण गाडीवरून शिकतो. पण मजबूत कवचाशिवाय पट्टा लावला तर उलटलेल्या बोटीखाली माणूस पाण्याचा सगळा मार अंगावर घेतो. एकतर पूर्ण कवच, पट्टा आणि आत श्वासाला हवा. नाहीतर मोकळं आणि बाहेर फेकलं जाणं. मधलं काही नाही. ३ ऑक्टोबर १९९० ला मोनॅकोजवळ शर्यतीतल्या अपघातात स्तेफानो कासिरागी गेला, तेव्हा तो विश्वविजेता होता. त्याची कॅटमरान उघड्या कॉकपिटची होती. सहकारी बाहेर फेकला गेला आणि वाचला. त्यानंतर सगळ्यात वरच्या वर्गात बंद कॉकपिट आणि पट्टे सक्तीचे झाले.

आमच्यासाठी: पूर्ण हेल्मेट, मांडीतून पट्टे असलेलं रेसिंगचं लाइफ जॅकेट, बेशुद्ध माणसाचाही चेहरा वर ठेवणारं. आणि दोघांनाही वेगवेगळी किल कॉर्ड. कुणीही एक जण बाहेर पडला की इंजिन बंद.

१६ फेब्रुवारी

मागून येणारी लाट शिकायला गेलो. समोरच्या लाटेपेक्षा ही फसवी. बोट लाटेपेक्षा वेगात असते, माथ्यावरून उतरते आणि नाक थेट पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं. एकदा घुसलंच: हिरवं पाणी नाकावरून चढलं, कॉकपिटमध्ये गुडघ्यापर्यंत आलं आणि ४० नॉटवरून बोट जागच्या जागी थबकल्यासारखी झाली. दोघंही डॅशबोर्डवर. दादाने थ्रॉटल घाबरून ओढला होता, त्यामुळेच नाक आणखी खाली गेलं. माथा ओलांडताना ट्रिम थोडं बाहेर आणि हलकासा जोर कायम ठेवायचा, म्हणजे नाक उचललेलं राहतं. त्यानंतर वीस वेळा तेच केलं.

जहाजांच्या मार्गापासूनही लांब राहायचं ठरवलं. १९८७ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटजवळ फॉर्म्युला वनचा माजी चालक दिदिए पिरोनी याची बोट एका तेलवाहू जहाजाच्या उठवलेल्या लाटेवर उलटली आणि तिघांचा क्रू गेला. जहाज निघून गेल्यावरही त्याची लाट बराच वेळ चालत राहते आणि ती वाऱ्याच्या लाटेच्या ओळीत बसत नाही, आडवी येते. दादा “पाणी” म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं.

३ मार्च

तांत्रिक तपासणी. नापास. बॅटरी नुसत्या रबरी पट्ट्याने बांधलेली होती. तपासनीसाने ती एका हाताने हलवून दाखवली. स्टीलचा पट्टा, आरपार बोल्ट. संध्याकाळी पुन्हा दाखवली, पास. तोंड वाकडं करायचं काहीच कारण नाही. ती बॅटरी आमच्याच पाठीत आली असती.

२१ मार्च

उद्या शर्यत. आठ फेऱ्या, एकूण ४८ सागरी मैल. पूर्ण ताकदीवर इंजिन तासाला साधारण ७५ लिटर पितं. सरासरी ४० नॉट धरली तर सव्वा तासाच्या जरा आत, म्हणजे जास्तीत जास्त ९० लिटर. त्यावर एक तृतीयांश राखीव, १२० भरलं. वजन ८९ किलो, सगळं मध्यभागी आणि खाली. टाकीत फोम आहे, पेट्रोल हिंदकळत नाही.

अंदाज: वारा १५ नॉट, सकाळी ओहोटीच्या विरुद्ध. म्हणजे लाट आखूड आणि उभी. दुसऱ्या बोयाजवळ सगळ्यात वाईट असणार.

२२ मार्च

नऊ बोटी. पेस बोटीवर पिवळा झेंडा, सगळ्या एका ओळीत दहा-बारा नॉटवर, मग वेग वाढत गेला आणि हिरवा झाला.

पहिल्या तीनशे मीटरमध्ये पुढचं काहीच दिसत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. आठ बोटींचं पाणी हवेत असतं. मी वाऱ्याकडची, बाहेरची रेषा आधीच ठरवली होती. लांब पडते, पण पाणी न कापलेलं मिळतं. पहिल्या बोयाला सातवे.

दुसऱ्या बोयाजवळ अपेक्षेप्रमाणे खड्डे. “उजवं. तीन, दोन, एक.” दादाने दोनवर ट्रिम आत घेतलं, एकवर सोडलं, आणि बोट कशी रुळावरून गेल्यासारखी वळली. दोन बोटी आत भांडत होत्या, त्यातली एक तिथेच बंद पडली. सहावे.

पाचव्या फेरीत समोरची बोट तीस मीटरवर. मला जागा दिसली, बोया आणि तिच्यामध्ये. मी रेष आत घेतली. दादा म्हणाला, “पाणी.” एवढंच. मला काही दिसत नव्हतं, पण मी रेष सोडली आणि बाहेर गेले. पुढच्या क्षणी ती बोट स्वतःच्याच बाजूला कलली, तिच्यामागे आडवी लाट उभी राहिली. मी तिथे असते तर त्या लाटेवर पोट दाखवून चढले असते. सहाव्या फेरीत तिला बाहेरून, संथपणे ओलांडलं. पाचवे.

तसेच संपलो. पाचवे, १ तास १४ मिनिटं. शेवटच्या दोन फेऱ्यांत माझे पाय थरथरत होते. गुडघे वाकवून उभं राहूनच दणके घ्यावे लागतात, बसलं की पाठ जाते. दादाचं मनगट सुजलं आहे. चौकटीचा झेंडा पाहिल्यावर त्याने थ्रॉटल सोडला आणि तोच हात माझ्या हेल्मेटवर ठेवला.

२३ मार्च

गोड्या पाण्याने इंजिन पंधरा मिनिटं धुतलं. ट्रान्सम ठोकला, सगळीकडे टक्. टाकीत ३४ लिटर उरलं होतं.

प्रॉपेलरच्या एका पात्याची कड नखाएवढी वाकली आहे. गिअर ऑइल सोडलं तर ते दुधाळ निघालं, म्हणजे शाफ्टच्या सीलमधून पाणी आत जातंय. दादाने सील उतरवून पाहिलं: शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळली गेली होती, तिने सीलचा ओठ कापला. कुठल्या फेरीत आली कोण जाणे. नवं सील शुक्रवारी येईल. शनिवारी दाबाची चाचणी, रविवारी पाण्यात. पुढची शर्यत तेरा एप्रिलला आहे.